टोपी कुणाकडे आहे

आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना पोहता येतं. मला प्लावक बल समजावून सांगता येतं. माणसाच्या शरीराची घनता पाण्यापेक्षा कशी किंचित कमी असते, छातीत हवा भरून घेतली की ती आणखी कशी कमी होते, हे मी कुणालाही पटवून देऊ शकतो. फक्त पाण्याला ते पटत नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी घरी परतलो तेव्हा काका मला घरामागच्या तळ्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, "आता तरंगशील ना? का अजून पीएच.डी. बाकी आहे?"

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. पाण्याशीच केलंय, असं आई म्हणते.

तळं म्हणजे शेततळं. पिकाला पाणी पुरावं म्हणून खणलेलं, आणि साठलेलं पाणी जमिनीत मुरू नये म्हणून आतून काळं प्लास्टिक अंथरलेलं. चारही बाजूंनी उतार. उतार कोरडा असला की त्यावरून चालत पाण्यापर्यंत जाता येतं. ओला झाला, त्याला शेवाळ धरलं, की बर्फावर साबण चोळल्यासारखं होतं. आत जाणं सोपं, बाहेर येणं अशक्य. काकांसारखा पोहणारासुद्धा एका बाजूच्या खुंटाला बांधलेला गाठींचा दोर धरूनच वर येतो. पोहता येणारी माणसंही अशा तळ्यात बुडतात ती याच कारणाने. पोहत पोहत किती वेळ पोहणार?

तळ्याभोवती तारांचं कुंपण होतं. ते बाबांनी वासरासाठी घातलं होतं. तारांमधून वासरू जात नव्हतं. मुंगी आरामात जात होती.

मुंगी ही माझी भाची. नाव वेगळं आहे, पण चालायला लागल्यापासून ती ज्या तऱ्हेने भिंतीच्या कडेकडेने, टेबलाखालून, दाराच्या फटीतून कुठेही पोचायची, ते बघून काकांनी तिला हे नाव दिलं आणि ते चिकटलं. दोन वर्षांची होऊन गेली होती. भावजी लांब कुठल्या तरी पुलाच्या कामावर होते, आणि ताईला नुकतीच शहरातल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कायमची नोकरी लागली होती. किती वर्षांनी, किती अर्जांनंतर, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. सकाळची बस पकडून जायचं, संध्याकाळी परत. दिवसभर मुंगी आमच्याकडे.

पहिल्या दिवशी निघताना ताई दारात थांबली आणि म्हणाली, "मला तिकडे सुईकडे बघायचं असतं. डोक्यात तळं असलं तर हात थरथरेल. तुमच्याच्याने होणार नसेल तर आत्ताच सांगा, मी नोकरी सोडते."

"काहीतरीच काय," आई म्हणाली. "इतकी माणसं आहोत घरात."

हे वाक्य आम्हा सगळ्यांना अगदी बरोबर वाटलं. इतकी माणसं होतोच.

त्याच महिन्यात रस्त्यापलीकडच्या वस्तीवर एक मूल गेलं. गुरांना पाणी पाजायच्या हौदात. मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढंही पाणी नव्हतं. मी बाबांबरोबर तिथे गेलो. अंगणात माणसं बसली होती, कुणी फारसं बोलत नव्हतं, आणि जे बोलत होतं ते फिरून फिरून एकच बोलत होतं. मुलाची आजी म्हणाली, मला वाटलं थोरलीकडे आहे. थोरली म्हणाली, मला वाटलं आईने उचललंय. बाप भिंतीकडे तोंड करून म्हणाला, मला वाटलं घरात आहे. ते घरही माणसांनी भरलेलं होतं.

घरी पोचलो तर आई भांडी घासत होती.

"मुंगी कुठाय?" मी विचारलं.

"तुझ्याकडेच होती ना?"

"मी आत्ता येतोय बाहेरून."

"मग काकांकडे असेल."

काका ओट्यावर पेपर वाचत होते. "माझ्याकडे? मला वाटलं तू घेऊन गेलास तिला."

मुंगी मोरीच्या दाराआड बसून कपड्यांचा साबण चाटत होती. तोंडाला फेस आला होता आणि ती अतिशय खूश होती. आम्ही सगळे हसलो, आणि मग बाबा हसत नाहीत हे बघून गप्प झालो.

"त्या कुंपणाला खालपासून जाळी मारून टाकतो," बाबा म्हणाले. "बारीक. कोंबड्यांच्या खुराड्याला आहे तसली."

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने 'हो' म्हणून पक्कड आणायला जायला हवं होतं. पण मी नुकताच शिकून आलो होतो. मी बाबांना बसवलं आणि समजावलं. जाळी ही निर्जीव गोष्ट आहे. ती गंजते. तिला कुठेतरी भोक पडतं, आणि जाळी आहे या भरवशावर माणूस बेफिकीर होतो. प्रश्न कुंपणाचा नाहीच, प्रश्न लक्षाचा आहे. चार माणसांचं अर्धं अर्धं लक्ष म्हणजे दोन माणसांचं लक्ष होत नाही, शून्य होतं. आपल्याला माणसांचं वागणं बदलायला हवं.

"जाळी मारल्यावर वागणं बदलता येणार नाही का?" बाबांनी विचारलं.

मी म्हणालो की आधी मूळ प्रश्न सुटू दे. खरं कारण मला आज कळतं. जाळी मारण्यात सुचण्यासारखं काहीच नव्हतं. ती कुणालाही सुचली असती. बाबांना तर सुचलीच होती.

मला जे सुचलं ती टोपी. घरात एकच टोपी. जो ती घालेल त्याच्याकडे मुंगी. टोपी डोक्यावर असेपर्यंत दुसरं काम नाही, पेपर नाही, फोन नाही. टोपी दुसऱ्याला द्यायची तर हातात द्यायची, आणि घेणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "मुंगी माझ्याकडे." ते ऐकल्याशिवाय देणाऱ्याने हलायचं नाही. विमान चालवणारे दोन वैमानिक असंच करतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते मी सगळ्यांना सांगितलं.

"म्हणजे तू आम्हाला टोपी घालणार," काका म्हणाले.

हा विनोद त्यांनी पुढे रोज केला, म्हणून इथे एकदाच लिहितो.

टोपी कुठल्या रंगाची हवी यावर मी एक अख्खी दुपार घालवली. माणसाच्या डोळ्याला पोपटी रंग सगळ्यात तीव्रतेने दिसतो, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून मी पोपटी टोपी आणली. बाबा ती घालून मुंगीला कडेवर घेऊन शेताच्या कडेला गेले आणि पिकात दिसेनासे झाले. आजूबाजूला सगळं पोपटीच आहे हे प्रयोगशाळेतल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मग लाल टोपी आणली. ती गच्चीवरून शेताच्या टोकापर्यंत दिसत होती. मी ती काकांना घालायला लावून त्यांना चारी दिशांना चालायला लावलं आणि वरून ओरडून सांगत राहिलो, "दिसताय. अजून दिसताय."

"मी दिसतोय हे मला माहीत आहे," काका खालून म्हणाले. "मुंगी दिसतेय का बघ."

मी त्या वाक्याकडे दुर्लक्ष केलं. आज ते वाक्य मला झोपेतसुद्धा आठवतं.

सुरुवातीला सगळं इतकं छान चाललं की मला माझ्याबद्दल आदर वाटायला लागला. आई टोपी घालून भाजी निवडायची नाही, मुंगीच्या मागे मागे फिरायची. काका टोपी घालून मुंगीला खांद्यावर बसवायचे. "मुंगी माझ्याकडे" हे वाक्य दिवसभर घरात ऐकू यायचं. मुंगीलाही ते पाठ झालं. तिला 'मुंगी' नीट म्हणता यायचं नाही, त्यामुळे ती नुसतं "माज्याकडे" म्हणायची, आणि समोरच्याच्या डोक्याकडे बघून हात वर करायची. टोपी असेल त्याच्याकडे जायची. नसेल त्याच्याकडे वळूनही बघायची नाही. एकदा मी टोपी आईला दिली आणि मुंगी माझ्या मांडीवरून तडक उठून तिच्याकडे गेली, जशी काही मी बस होतो आणि तिचं ठिकाण आलं होतं.

"बघा," मी ताईला संध्याकाळी सांगितलं. "मोठ्यांपेक्षा तिलाच लवकर कळलं."

ताई बूट काढत होती. "कळलं म्हणजे काय कळलं तिला?" ती म्हणाली.

मी म्हणालो, नियम.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट झाली, ती दिसूनही मी तिच्यावर विचार केला नाही. पूर्वी कुणी खोलीतून बाहेर येताना विचारायचं, मुंगी कुठाय. आता विचारायचं, टोपी कुणाकडे आहे. उत्तर मिळालं की झालं. टोपी डोक्यावर नसलेली माणसं इतकी मोकळी झाली होती की सांगता सोय नाही. आई दुपारी झोपायला लागली. बाबांनी मुंगीकडे बघणंच सोडलं; समोरून गेली तरी त्यांना ती खुर्चीसारखी वाटायची. आधी चार माणसांचं अर्धं लक्ष होतं. आता एकाचं पूर्ण होतं आणि तिघांचं, अगदी मनापासून, शून्य.

त्या दिवशी सकाळी पाळी माझी होती. अकराच्या सुमाराला मला फोन करायचा होता, आणि आमच्याकडे फोनला रेंज फक्त गच्चीवर येते. मी टोपी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आई पीठ मळत होती.

"आई, मुंगीला घे."

"घेते. मुंगी माझ्याकडे."

"टोपी?"

"हात बघ माझे. खुंटीवर ठेव, हात धुऊन घालते."

नियमात खुंटी नव्हती. मी क्षणभर थांबलो. पण आई आहे, मुंगी तिच्या पायाशी डबे रचत बसलेली आहे, आणि नियम मीच केलेले आहेत, तेव्हा अपवादही मीच करू शकतो, असं म्हणून मी टोपी दाराबाहेरच्या खुंटीवर अडकवली आणि जिना चढलो.

पुढचं मला नंतर सगळ्यांकडून तुकड्या-तुकड्यांत कळलं. मोटारीने पाणी ओढणं बंद केलं होतं. तळ्यात पाइपच्या टोकाला जाळी असते, तिला शेवाळ अडकलं की असं होतं, आणि मग काका बुडी मारून ते काढतात. ऊन कडक होतं. काकांची स्वतःची टोपी कुठे सापडेना. जाता जाता त्यांना खुंटीवर लाल टोपी दिसली. त्यांनी ती घातली. त्यांच्या दृष्टीने ती टोपी होती. टोपी उन्हासाठी असते. "मुंगी माझ्याकडे" असं ते म्हणाले नाहीत, कारण मुंगी त्यांच्याकडे नव्हती.

आईला खिडकीतून लाल टोपी जाताना दिसली. तिला वाटलं, बरं झालं, काकांनी घेतली तिला. तिने हात धुतले आणि ती शांतपणे आंघोळीला गेली.

आणि मुंगीला दारातून लाल टोपी जाताना दिसली. तिला नियम माहीत होता. तिने डबे सोडले आणि ती टोपीच्या मागे निघाली.

मी गच्चीवर होतो. फोनवर माझा कॉलेजचा मित्र होता, जो आता एका संशोधन संस्थेत लागला होता. मला अजून कुठे नोकरी लागली नाही हे त्याला सांगायच्या आधी मी टोपीबद्दल सांगत होतो. पुढेमागे यावर एक निबंध लिहिता येईल, असंही मी म्हणालो. खर्च जवळजवळ नाही, कुठल्याही खेड्यात चालेल. "आणि दिसते किती लांबून," मी म्हणालो. "थांब, आत्ताच सांगतो कुणाकडे आहे ते."

मी वळून बघितलं. लाल ठिपका तळ्याच्या काठावर होता. मोटारीच्या पेटीवर. झळझळीत, अगदी मला हवा होता तसा. मला अभिमान वाटला. मग लक्षात आलं की टोपीखाली कुणीच नाही.

काकांनी पाण्यात उतरायच्या आधी ती काढून ठेवली होती. बुडी मारताना कोण टोपी घालेल.

आणि कुंपणाच्या अलीकडून एक लहान, फिकट निळी गोष्ट त्या लाल ठिपक्याकडे चालली होती.

मी हाक मारली. अंतर मोठं होतं, वारा उलटा होता, काका पाण्याखाली होते. जिना कसा उतरलो ते मला माहीत नाही. फोन नंतर जिन्यात सापडला, मित्र बराच वेळ "हॅलो, मग टोपी कुणाकडे आहे?" असं विचारत होता म्हणे.

मी कुंपणापाशी पोचलो तेव्हा मुंगी पेटीशी उभी होती. तिने टोपी ओढून घेतली होती आणि दोन्ही हातांनी डोक्यावर घातली होती. टोपी मोठ्या माणसाची. ती तिच्या डोळ्यांवरून नाकापर्यंत आली. आता तिला काही दिसत नव्हतं. नियमाप्रमाणे मुंगीची जबाबदारी आता मुंगीवर होती.

"माज्याकडे," ती म्हणाली.

मी ओरडलो, "मुंगी, थांब." ओरडायला नको होतं. ती दचकली आणि आवाज कुठून आला ते बघायला वळली. टोपीच्या आतून बघायचं तर कुठे बघणार. ती भलतीकडे वळली, आणि तिचा पाय प्लास्टिकवर पडला. ती बसली. आणि बसल्या बसल्या, घसरगुंडीवरून जावं तशी, अजिबात आवाज न करता खाली गेली.

बुडताना माणूस हातपाय मारतो, ओरडतो, असं आपल्याला वाटतं. काहीच होत नाही. पाण्यावर टोपी होती आणि टोपीखाली मुंगी नव्हती.

मी उडी मारली असं काका सगळ्यांना सांगतात. ती उडी नव्हती. तारांमधून निघताना माझा शर्ट अडकला, तो फाटला, मी तोंडावर पडलो आणि पडलेल्या अवस्थेतच उतारावरून पाण्यात गेलो. एक हात कशाला तरी लागला. कापड होतं. मी ते मुठीत धरलं आणि वर ओढलं. दुसऱ्या हाताला मोटारीचा जाड काळा पाइप लागला, आणि मी तो असा पकडला की त्याचे वळ पुढे कितीतरी दिवस तळहातावर होते. पायाखाली काही नव्हतं. पायाने प्लास्टिक चाचपलं की पाय निसटत होता. घर्षण गुणांक हा शब्द माझ्या डोक्यात आला. खरंच आला. पाण्यात लोंबकळताना, भाचीला डोक्याच्या वर धरून, माझ्या डोक्यात तो शब्द आला आणि माझ्या आयुष्यभराच्या शिक्षणातून दुसरं काहीही आलं नाही.

मुंगी खोकत नव्हती. ती माझ्या हातात ओल्या फडक्यासारखी होती. मी तिला हलवू शकत नव्हतो, कारण दुसरा हात सोडला तर दोघं जाणार होतो. किती वेळ गेला मला सांगता येत नाही, मोजण्याची सवय असूनही. मग ती खोकली. मग तिने माझ्या तोंडावर ओकून टाकलं. इतकी छान गोष्ट माझ्या तोंडावर याआधी कधी पडली नव्हती.

पलीकडे पाण्यातून काकांचं डोकं वर आलं. हातात शेवाळाचा गोळा. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा जसा झाला तसा मी तो पुन्हा कधी बघू नये. ते एका दमात आमच्यापर्यंत आले. "दे," एवढंच म्हणाले. मुंगीला पाठीवर घेतलं, तिचे हात स्वतःच्या गळ्यात अडकवले आणि दातात तिच्या फ्रॉकची बाही धरली. मग पोहत पलीकडच्या दोराशी गेले आणि गाठीगाठीने वर चढले. तेवढ्यात माझी गच्चीवरची हाक ऐकून ओल्या केसांनी आई धावत आली. तिने मुंगीला घेतलं, उपडं केलं, पाठीवर थोपटलं, आणि मुंगी रडायला लागली. दोघं तिला घेऊन घराकडे पळाले.

मी तिथेच होतो. पाइपला लटकलेला. मला दोष द्यायचा नाही कुणाला. मीही त्यांच्या जागी असतो तर पाइपला लटकलेल्या माणसाला विसरलो असतो. थोड्या वेळाने मोटार का चालू नाही हे बघायला बाबा आले. त्यांनी खाली बघितलं.

"तू इथे काय करतोयस?"

मी म्हणालो, "मुंगी बरी आहे. मला दोर टाका."

ते हसले नाहीत. त्यांनी पलीकडच्या खुंटाचा दोर सोडून आणला आणि टाकला.

काका आणि आईने मुंगीला दुचाकीवरून डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ आहे, पण रात्रभर श्वासाकडे लक्ष ठेवा, धाप लागली की लगेच आणा, असं ते म्हणाले. संध्याकाळ व्हायला आली तशी घरात एक विचित्र कुजबुज सुरू झाली. ताईला सांगायचं, पण कसं. तिला पाणी पिऊ दे, मग. जेवू दे, मग. आई म्हणाली, मी सांगते, माझी चूक आहे. काका म्हणाले, टोपी मी नेली. मी म्हणालो, टोपी आणली मी. असा आमचा चढाओढीचा वाद रंगला होता, आणि ताई दारात कधी येऊन उभी राहिली ते कुणालाच कळलं नाही.

तिने मुंगीला उचललं, केसांचा वास घेतला आणि विचारलं, "शेवाळ कशाचं?"

मुंगीने सांगितलं.

"पानी," ती म्हणाली. मग विचार करून, "तोपी गेली." मग माझ्याकडे बोट दाखवून, "मामा लोंबला."

यापेक्षा नेमका अहवाल मी वाचलेला नाही.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली. मुंगीच्या छातीला कान लावून बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी उद्या राजीनामा देते."

"अगं, असं कसं," आई म्हणाली. "आम्ही आता सगळे जण नीट लक्ष..."

"आई, पुढचं बोलू नकोस." ताईचा आवाज अगदी साधा होता. "तुम्ही लक्ष ठेवता. मला माहीत आहे. माणसाला आंघोळीला जावं लागतं, फोन येतो, हात पिठाचे असतात. मी घरी राहिले तरी मलाही आंघोळीला जावंच लागेल." ती स्वतःच्याच वाक्यापाशी थांबली. मी तिच्याकडे बघत होतो. लॅबमध्ये नळीतला रंग बदलताना ती अशीच बघत असेल. "मलाही जावं लागेल," ती पुन्हा म्हणाली. मग बाबांकडे वळली. "पक्कड कुठाय?"

"गोठ्यात. का गं?"

ती उठली, मुंगीला बाबांच्या मांडीवर दिलं आणि बाहेर गेली. खुराड्याच्या तारा तटातट तुटल्याचा आवाज आला. आम्ही धावलो तर ती जाळी उलगडत होती आणि कोंबड्या तिच्या पायांतून अंगणभर पळत होत्या.

"अगं, कोंबड्या," आई म्हणाली.

"कोंबड्या पोहायला जात नाहीत," ताई म्हणाली.

बाबांनी मुंगीला दुपट्याने पाठीशी बांधलं आणि दुसरी पक्कड आणली. काकांनी कुंपणाच्या तळाशी चर खणला, म्हणजे जाळी जमिनीत गाडता येईल आणि खालून फट राहणार नाही. मी काय करू असं मी विचारलं. "तू गाठी मार," ताई म्हणाली. "आणि बोलू नकोस." मी गाठी मारल्या. अंधार पडेपर्यंत आम्ही तळ्याला वेढा घातला. खुराड्याची जाळी कमी पडली तिथे पाखरं बसू नयेत म्हणून फळझाडांवर टाकलेली जाळी आणली, ती दुमडून लावली, आणि फाटकाला वरच्या बाजूने, मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशी कडी बसवली. काकांनी उरलेल्या तिन्ही बाजूंच्या खुंटांना गाठींचे दोर बांधून आत सोडले. "तुझ्यासाठी," ते मला म्हणाले. "पाइप सारखा सारखा मोकळा नसतो." दुसऱ्या दिवसापासून ते मला पोहायलाही शिकवणार होते. शिकवतायत. त्यांचा हात पोटाखाली असेपर्यंत मी उत्तम तरंगतो.

रात्री आळीपाळीने मुंगीच्या श्वासाकडे लक्ष ठेवलं. तो नेहमीसारखा चालू होता. माझ्या अंथरुणावर दोन कोंबड्या आधीच झोपल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांना उठवण्याचा नैतिक अधिकार मला वाटला नाही.

सकाळी ताई तयार होऊन बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्याला पर्स होती. राजीनाम्याबद्दल कुणी विचारलं नाही. तिने मुंगीला तळ्यापाशी नेलं, कुंपणाबाहेर खाली सोडलं आणि स्वतः मागे सरली. मी पुढे व्हायला लागलो तर तिने मला हाताने अडवलं.

मुंगी तारांच्या नेहमीच्या जागी गेली आणि डोकं घातलं. डोकं गेलं नाही. ती खाली बसली, जाळीखाली बोटं घालायला बघितलं. माती घट्ट होती. मग ती कुंपणाच्या कडेकडेने निघाली. हात लावून, ढकलून, गाल दाबून, प्रत्येक खांबापाशी थांबून. आम्ही सगळे तिच्या मागे अंतर ठेवून चालत होतो, आणि ती जिथे थांबेल तिथे आमचाही श्वास थांबत होता. पूर्ण वेढा घालून ती पहिल्या जागी आली. फाटकाच्या कडीकडे तिने मान वर करून बघितलं. मग तिने जाळी दोन्ही मुठींत धरली, गदागदा हलवली आणि भोकाड पसरलं. संतापाने, लालबुंद होऊन, पाय आपटत.

आई तिला उचलायला पुढे झाली.

"रडू दे," ताई म्हणाली. ती आणखी थोडा वेळ ते रडणं ऐकत उभी राहिली. मग तिने पर्स सावरली आणि ती बस पकडायला निघाली.